जुना डिजिटल रेंजफाइंडर घेताय? या चुका टाळा

पोळ्याच्या तोरणाखाली उभ्या बैलाकडे रेंजफाइंडरमधून पाहिलं, की मधल्या उजळ चौकोनात एका शिंगाची दोन शिंगं दिसतात. लेन्सवरची कडी फिरवत गेलं की दुसरं शिंग सरकत सरकत पहिल्यावर येऊन बसतं. बसलं की फोकस लागला. ऑटोफोकस नाही, बीप नाही, चेहरा ओळखणं नाही. कॅमेऱ्याच्या कपाळावर दोन खिडक्या, आत काही काचा, आणि लेन्सच्या मागच्या कडेला टेकलेलं एक बारीक चाक. लेन्स मागेपुढे झाली की ते चाक दाबलं जातं आणि दुसरी प्रतिमा सरकते. सगळा खेळ त्या चाकाचा.

हे लिहायला बसलो ते मावसभावाच्या फोनमुळे. तो आर्वीकडे कास्तकारी करतो, हिवाळ्यात शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे फोटो काढत फिरतो. "दादा, एम९ भेटून राहिला. घेऊ काय?" एम९ म्हणजे लायका कंपनीचा जुना डिजिटल रेंजफाइंडर. हा प्रश्न मला वर्षातून तीन-चार जण तरी विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: घे, पण घाई नसेल तर आणि कॅमेऱ्याच्या किमतीशिवाय दुरुस्तीचे पैसे वेगळे काढून ठेवता येत असतील तर. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्यानं या वाटेला जाऊच नये. वरमाला पडते त्या क्षणाला दोन प्रतिमा जुळवत बसायला कोणी थांबत नाही.

दिसतो तसा नसतो

पहिली चूक जाहिरात वाचतानाच होते. कोपऱ्यात खिडकी असलेला प्रत्येक कॅमेरा विकणाऱ्याच्या लेखी 'रेंजफाइंडर' असतो. २०११चा फुजीफिल्म एक्स१०० किंवा २०१२चा एक्स-प्रो१ दिसायला तसेच आहेत आणि कॅमेरे म्हणून चांगलेही आहेत, पण त्यांत ते चाक नाही. त्यांना ऑटोफोकस आहे. तुम्हाला नुसती ती ठेवण आवडत असेल तर उलट तेच घ्या, पुढचा लेख वाचायची गरज नाही.

खरे डिजिटल रेंजफाइंडर बोटांवर मोजण्याइतके. २००४ साली एप्सननं आर-डी१ काढला, तो पहिला. त्यानंतर लायकाचे एम८ (२००६), एम९ (२००९), टाइप २४० (जाहीर २०१२, हातात २०१३) आणि मग २०१७चा एम१०. जुन्यात घ्यायचा म्हणजे साधारण यांच्यातलाच एक.

नावाला भुलून मॉडेल निवडणं

आर-डी१ मला मनापासून आवडतो. ६ मेगापिक्सेल, वर घड्याळासारखे काटे, आणि प्रत्येक फोटोनंतर अंगठ्यानं खटका ओढून शटर भरायचं. गावात तो काढला की पोरं हमखास विचारणार, "काकाजी, रोलवाला हाय काय हा?" पण पहिले दोन अवतार, आर-डी१ आणि आर-डी१एस, २ जीबीपर्यंतचंच साधं एसडी कार्ड घेतात. रॉ, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या, मोठ्या फाइली काढल्या तर एका कार्डात दोनशेच्या आसपास फोटो. आज तसं कार्ड शोधायला कॅमेऱ्याइतकीच वणवण करावी लागते. शिवाय त्याच्या दोन खिडक्यांतलं अंतर लायकापेक्षा कमी आहे, त्यामुळे मोठ्या छिद्राची लांब लेन्स त्यावर नेमकी जुळवणं अवघड. फोटोत किती येणार ते खिडकीत दाखवणाऱ्या फ्रेमरेषाही २८, ३५ आणि ५० मिमीच्या लेन्सपुरत्याच. दुसरा कॅमेरा म्हणून ठीक, एकुलता एक म्हणून नको.

एम८ हा डिजिटल एम लायकांत सहसा सगळ्यात स्वस्त. त्याची एक खोड आधी माहीत हवी. त्याच्या सेन्सरवरची काच पातळ आहे, इन्फ्रारेड किरण पुरते अडवत नाही. परिणाम असा की काळं टेरीकॉट किंवा पॉलिस्टर फोटोत जांभळट येतं. नवरदेवाचा काळा कोट वांग्याच्या रंगाचा झाला तर तुम्ही रंग दुरुस्त करत बसाल आणि ते कधीच नीट होणार नाही, कारण शेजारचं सुती काळं कापड काळंच आलेलं असतं. उपाय एकच: लेन्सवर यूव्ही-आयआर फिल्टर लावायचा. कॅमेरा नवा होता तेव्हा कंपनीनं ग्राहकांना असे दोन फिल्टर फुकट दिले होते. जुना घेताना ते सोबत आहेत का ते विचारा. ज्याला कृष्णधवलच काढायचं आहे त्याला ही खोड गुणासारखी वाटते. सेन्सरही पूर्ण आकाराचा, म्हणजे जुन्या रोलच्या फ्रेमएवढा नाही, १.३३ पटीचा हिशेब धरावा लागतो: ३५ मिमीची लेन्स सुमारे ४७ सारखी बघते.

आता एम९. १८ मेगापिक्सेल, पूर्ण आकाराचा कोडॅकचा सीसीडी सेन्सर. सीसीडी हा सेन्सरचा जुना प्रकार, पुढच्या कॅमेऱ्यांत सीमॉस आला. या 'सीसीडीच्या रंगां'वर लोक इतकं लिहितात की भाव उतरायचं नाव घेत नाही. मी दोन्ही प्रकारच्या फाइली शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. फरक आहे, पण त्यातला बराचसा कॅमेऱ्यानं दिलेल्या रंगांच्या हिशेबाचा आहे, संगणकावर थोड्या मेहनतीनं जवळपास जाता येतं. खरा प्रश्न रंगांचा नाहीच. या सेन्सरवरची मूळ काच दमट हवेनं झिजते. तिच्यावर बारीक डाग उमटतात आणि ते पुसून जात नाहीत. कंपनीनं काही वर्षं सेन्सर मोफत बदलून दिले, पुढे नव्या काचेचा सेन्सर बसवला जाऊ लागला, नंतर ती सोयही आटली. म्हणून एम९ घ्यायचा तर सेन्सर बदलल्याची पावती हातात घेऊनच. २०१२चा एम-ई आणि पहिला एम मोनोक्रोम यांनाही हेच लागू आहे.

तपासणी सोपी आहे. लेन्स एफ/१६ वर, म्हणजे छिद्र अगदी बारीक करून, फोकस मुद्दाम बिघडवून, मोकळ्या आभाळाचा किंवा चुन्यानं रंगवलेल्या भिंतीचा फोटो काढायला सांगा आणि मूळ डीएनजी (लायकाची रॉ) फाइल मागा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो चालणार नाही, त्यात सगळं झाकलं जातं. धुळीचा डाग नुसता काळपट, कडा विरघळलेला असतो आणि ब्लोअरनं जातो किंवा निदान जागा बदलतो. झिजलेल्या काचेच्या डागाच्या मध्यभागी बहुधा उजळ ठिपका असतो, भोवती काळं कडं, आणि किती फुंकलं तरी तो तिथंच.

माझ्याकडे टाइप २४० आहे. २४ मेगापिक्सेल, सीमॉस सेन्सर, लाइव्ह व्ह्यू (लेन्समधून दिसणारं मागच्या पडद्यावर बघता येतं). लायका पंथाचे कट्टर लोक त्याला जाड आणि बेरंग म्हणतात. म्हणोत. झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, मंडपात पिवळ्या दिव्यांचा उजेड, आणि तिथं सेन्सरची संवेदनशीलता वाढवून १६०० आयएसओला निर्धास्त जाता येणं मला सीसीडीच्या कवितेपेक्षा मोलाचं वाटतं. बॅटरीही एम९पेक्षा कितीतरी जास्त टिकते. एम९ आणि २४० यांच्या भावात पुष्कळदा फारसं अंतर नसतं, तेव्हा निवड मला तरी कठीण वाटत नाही.

चाक न तपासणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती मी स्वतः केली आहे. घेताना नव्हे, वापरताना. एक अख्खा हंगाम कॅमेरा मोटरसायकलच्या डिक्कीत, दुपट्ट्यात गुंडाळून नेला. आमच्याकडच्या रस्त्यांनी जे करायचं ते केलं. दिवाळीनंतर बघतो तर वावरातल्या माणसाच्या डोळ्यांवर फोकस लावलेला आणि फोटोत स्पष्ट आलीय ती मागची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. पंधरा दिवस मी लेन्सला दोष देत होतो.

तपासायचं असं. आधी अनंत: किलोमीटरभर तरी लांबचा मोबाइल टॉवर किंवा शेजारच्या गावची पाण्याची टाकी घ्या. लेन्स अनंतावर नेऊन टेकवा. टॉवरचा खांब एकच दिसला पाहिजे. दुसरा खांब डावी-उजवीकडे राहिला तर फोकस चुकणार. दुसरी प्रतिमा फक्त वर-खाली सरकलेली असेल तर फोकस बिघडत नाही, डोळ्याला त्रास होतो एवढंच. विकणारे बरेचदा या दोन्हींना 'थोडं ॲडजस्टमेंट लागेल' या एकाच वाक्यात गुंडाळतात, म्हणून नेमकं विचारा.

मग जवळचं. टेबलावर वर्तमानपत्र पसरा, एका ओळीखाली पेनानं रेघ ओढा, कॅमेरा तुरीच्या पोत्यावर टेकवून मीटरभरावरून तिरका धरा. लेन्स पूर्ण उघडी. रेघेवर प्रतिमा जुळवा, फोटो काढा, लेन्स पुन्हा अनंतावर न्या, पुन्हा जुळवा. असं पाच वेळा. फोटो लॅपटॉपवर बघा. एम८-एम९चा मागचा पडदा अडीच इंचाचा आणि इतका भरड आहे की त्यावर सगळंच स्पष्ट वाटतं. पाचही वेळा पेनाच्या रेघेऐवजी त्याच बाजूची ओळ ठळक आली तर जुळणी चुकलीय. कधी पुढची, कधी मागची आली तर हात आणि डोळा चुकतोय, सराव करा.

दोष कॅमेऱ्याचा की लेन्सचा, हे एका लेन्सवर कळत नाही. मित्राची दुसरी लेन्स लावून हेच करा. दोन्ही एकाच बाजूला चुकल्या तर कॅमेरा, एकच चुकली तर ती लेन्स. हे न करता कॅमेरा दुरुस्तीला पाठवणारे आणि तो 'ठीक आहे' म्हणून परत आलेला बघून कपाळाला हात लावणारे मी पाहिलेत.

व्हिडिओ बघून बारीक पान्यानं ते चाक स्वतः फिरवायचा मोह होतो. अनंताची जुळणी आणि जवळची जुळणी वेगवेगळ्या ठिकाणी होते आणि एक हलवली की दुसरी थोडी सरकते. मी फिरवलं, अनंत बसला, जवळचं गेलं. शेवटी जाणकाराकडेच पाठवावा लागला. आरशाचे कॅमेरे उघडणारे हात नागपुरात सापडतील, रेंजफाइंडर त्यांच्या हातात रोज येत नाही. कॅमेरा कुरिअरनं लांब जाणार, महिने लागणार, कधी थेट जर्मनीत वेट्झलारला. हा खर्च घेतानाच मनात धरा. परदेशातून मागवत असाल तर वर कस्टम ड्युटी आहेच.

बिघाड नसलेले बिघाड

मधला उजळ चौकोन अचानक नाहीसा झाला? समोर बघा, छोट्या खिडकीवर तुमचंच बोट असेल.

सगळे फोटो काळे? टोपण. या कॅमेऱ्यात बघायची खिडकी आणि लेन्स वेगळ्या, त्यामुळे टोपण लावलेलं असतानाही समोरचं सगळं लख्ख दिसतं. शंकरपटाच्या पहिल्या तीन जोड्या मी अशाच 'टिपल्या' होत्या. शेजारचे आजोबा शांतपणे म्हणाले, "भाऊ, त्याचं झाकण त काढा." मॅन्युअलवर होतो, मीटरकडे बघायची तसदी घेतली नव्हती.

कार्ड वाचत नाही? एम८-एम९मध्ये ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसी कार्ड ठेवा, त्याहून मोठं नको, आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा. एम८चं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) फार जुनं असेल तर एसडीएचसीही घेणार नाही. आणि हो, या लायकांत कार्ड-बॅटरी काढायला तळाची अख्खी पट्टी काढावी लागते. बसस्टँडवर ती दातांत धरून कार्ड बदलताना मी स्वतःला बरेच प्रश्न विचारले आहेत.

सोबत आलेली बॅटरी अर्ध्या तासात बसली तर कॅमेऱ्याला नावं ठेवू नका. वर्षानुवर्षं कपाटात पडलेली असते ती. नवी मिळते का ते आधी बघा, मग सौदा करा.

ऊन, रुई, पाऊस

मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की काळी धातूची बॉडी हातात धरवत नाही. सेन्सर तापला की गडद भागात दाणे वाढतात. पांढऱ्या दुपट्ट्यात ठेवा, गाडीच्या टाकीवर कधीच नको. जिनिंगमध्ये लेन्स बदलू नका: आत आरसा नाही, सेन्सर आणि रुईचे तंतू यांच्यामध्ये फक्त शटरचा पडदा असतो. आषाढापासून भादव्यापर्यंत हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. चामड्याच्या केसमध्ये ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते, ती केस दिसायला कितीही देखणी असो.

मावसभावाला मी एवढंच सांगितलं, पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ वरचा फोटो आणि सेन्सरची पावती माग. विकणाऱ्यानं तीन दिवस उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी जाहिरातीत एक नवी ओळ दिसली: 'परत घेतला जाणार नाही.' तो सौदा तिथंच राहिला, आता भाऊ २४० शोधतोय.

तोवर त्याला एक काम दिलंय. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ३५ मिमीची लेन्स एफ/८ ला ५ मीटरवर लावून ठेवली, की साधारण अडीच मीटरपासून लांब क्षितिजापर्यंत चालण्याइतकं स्पष्ट येतं. चाक जुळलेलं असो की नसो, पटाच्या धुळीत प्रतिमा जुळवायला वेळ नसतोच. फक्त पाच मीटर नजरेनं ओळखता आले पाहिजेत. रोज संध्याकाळी तो गोठ्याच्या दारात उभा राहून बंडीचं अंतर आधी बोलतो आणि मग टेपनं मोजतो. काल सहा म्हणाला, निघाले साडेचार.