निकालाची नक्कल हातात आल्यावर: खालच्या कोर्टाचा निकाल कसा वाचायचा

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टाचा निकाल बहुतेक पक्षकार पहिल्या पानापासून वाचायला घेतात आणि तिसऱ्या पानावर संतापतात. तिथे विरुद्ध बाजूचे म्हणणे सविस्तर लिहिलेले असते आणि न्यायाधीशांनी ते खरे धरले असा समज होतो. ही पाने म्हणजे वादपत्र (दावा करणाऱ्याचे लेखी म्हणणे) आणि कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), किंवा फिर्याद आणि बचाव, यांचा गोषवारा असतो. कोर्टाचे स्वतःचे मत त्यात अजून आलेलेच नसते.

म्हणून शेवटचे पान आधी उघडा. तिथे 'आदेश' असतो. दिवाणी दाव्यात दावा मंजूर, अंशतः मंजूर की नामंजूर, कोणी काय करायचे, किती दिवसांत, खर्च कोणावर, हे आदेशात असते. 'अंशतः मंजूर' दिसले तर वादपत्राच्या शेवटचा मागण्यांचा भाग काढा आणि एकेक मागणी आदेशाशी ताडून पाहा. जे मागितले पण आदेशात आले नाही, ते नाकारले गेले असे धरायचे. फौजदारी निकालात प्रत्येक आरोपी आणि प्रत्येक कलम यांचा हिशेब वेगळा असतो. एकाच आरोपीची एका कलमातून सुटका आणि दुसऱ्यात शिक्षा, असे नेहमी होते. शिक्षा दोन असतील तर त्या एकाच वेळी भोगायच्या आहेत का, दंड न भरल्यास आणखी किती कैद, आणि आधी कोठडीत काढलेले दिवस वजा मिळाले का, हे तीन शब्दसमूह शोधा. दंडातून जखमीला भरपाई देण्याचा आदेशही बहुधा इथेच एका ओळीत असतो आणि जखमीच्या घरच्यांच्या तो नजरेतून सुटतो.

आता मुद्द्यांचा तक्ता, म्हणजे कोर्टाने ठरवायच्या वादाच्या प्रश्नांची यादी. डावीकडे मुद्दे, उजवीकडे निष्कर्ष: होकारार्थी, नकारार्थी, अंशतः होकारार्थी. निकालातला सर्वात महत्त्वाचा भाग हाच, कारण संपूर्ण निकाल त्यातल्या एखाद-दुसऱ्या मुद्द्यावर टांगलेला असतो. प्रत्येक मुद्द्याचे वाक्य कोणापासून सुरू होते ते पाहा. 'वादी सिद्ध करतात का की...' अशी सुरुवात असेल तर सिद्ध करण्याचे ओझे वादीवर. 'प्रतिवादी सिद्ध करतात का की...' असेल तर प्रतिवादीवर. ज्याच्यावर ओझे त्याने पुरावा दिला नाही, तर समोरचा गप्प बसला तरी मुद्दा नकारार्थी जातो. 'त्यांनी काहीच सिद्ध केले नाही, तरी आम्ही कसे हरलो?' या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा याच ओळीत सापडते.

ओझे किती जड, हे दिवाणी आणि फौजदारीत वेगळे. दिवाणीत दोन्ही बाजूंचा पुरावा तराजूत घालतात आणि जी बाजू अधिक संभाव्य वाटते तिच्याकडे निकाल झुकतो. फौजदारीत सरकार पक्षाने गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. त्यामुळे एकाच मारहाणीत आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटतो आणि नुकसानभरपाईचा दिवाणी दावा तरीही मंजूर होऊ शकतो. यात विसंगती नाही. धनादेश न वटल्याच्या खटल्यात मात्र कायदाच फिर्यादीच्या बाजूने एक गृहीतक मांडतो: सही मान्य असेल तर धनादेश कायदेशीर देणे फेडण्यासाठीच दिला होता असे धरले जाते, आणि ते खोडण्याचे काम आरोपीकडे येते. तिथे आरोपीला आपले म्हणणे अधिक संभाव्य आहे एवढे दाखवून देणे पुरते, वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावे लागत नाही.

तक्त्यातला ज्या मुद्द्याने घात केला तो निश्चित झाला की त्याच मुद्द्याची कारणमीमांसा गाठा. इथे पेन घेऊन बसावे. जिथे जिथे 'निशाणी' शब्द आणि आकडा येतो तिथे खूण करा. निशाणी म्हणजे कोर्टाच्या फाइलमध्ये त्या कागदाला मिळालेला क्रमांक. पण निशाणी पडली म्हणजे कागदातला मजकूर सिद्ध झाला असे नव्हे. तो कागद ज्याने लिहिला किंवा ज्याच्यासमोर झाला त्याने शपथेवर सांगावे लागते. ही एक गोष्ट न कळल्यामुळे कितीतरी दावे बुडतात.

बांधावरच्या अतिक्रमणाचा दावा घ्या. वादी म्हणतो, शेजाऱ्याने माझ्या गटातली चार गुंठे जमीन नांगरली. पुरावा म्हणून सातबारा आणि मोजणीचा नकाशा. सातबाऱ्याच्या नोंदी उलट सिद्ध होईपर्यंत खऱ्या मानल्या जातात, पण सातबारा मालकी देत नाही आणि बांध नेमका कुठून जातो हे सांगत नाही. मग सगळा भार नकाशावर. निकालात पुढील कारणे दिसू लागतात: मोजणी एकाच गटाची झाली, शेजाऱ्याचा गट मोजलाच नाही, शेजाऱ्याला मोजणीची नोटीस मिळाल्याचा कागद नाही, मोजणीदाराला साक्षीला बोलावले नाही, त्यामुळे त्याची उलटतपासणी झाली नाही, वादपत्रात क्षेत्र लिहिले पण चतुःसीमा लिहिल्या नाहीत. यातले एक कारणही दावा पाडायला पुरेसे ठरू शकते. कोर्टाने स्वतः कमिशनर (जागेवर जाऊन अहवाल देणारा कोर्टाचा प्रतिनिधी) नेमून मोजणी करून घेतली असती तर त्याचा अहवाल थेट पुराव्यात आला असता. तसा अर्ज कोणी दिला होता का, आणि दिला असेल तर तो कोणत्या निशाणीखाली फेटाळला, हे रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत, पाहा. अपिलात या एका मुद्द्याला फार वजन असते.

दिवाणीत आणखी दोन ठिकाणी दावे अडतात. एक, मुदत. उसनवारीच्या पैशाला साधारण ३ वर्षे, मालकी हक्कावर आधारलेल्या ताब्याच्या दाव्याला १२ वर्षे. कैफियतीत मुदतीचा आक्षेप नसला तरी कोर्ट तो स्वतः तपासते. दोन, अपुरी मागणी. ताबा दुसऱ्याकडे असताना नुसती 'मी मालक आहे असे जाहीर करा' एवढीच मागणी केली, ताबा मागितला नाही, तर घोषणाही मिळत नाही. असा दावा पडला तर न्यायाधीशांनी मालकी नाकारली असे वाचू नका. मागणी कशी मांडली होती ते आधी पाहा.

फौजदारी निकालाची वाचणी वेगळी. इथे साक्षीदारांची यादी स्वतः करा: पी.डब्ल्यू. (सरकार पक्षाचा साक्षीदार) १ फिर्यादी, मग जखमी, प्रत्यक्षदर्शी, पंच (पंचनाम्याचे साक्षीदार), डॉक्टर, तपास अधिकारी. प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिहा: कोर्टाने त्याच्यावर विश्वास ठेवला का, नसेल तर कोणत्या वाक्यामुळे. मारहाणीच्या खटल्यात सुटकेची कारणे बहुधा ठरावीक असतात. फिर्याद उशिरा आली आणि उशिराचे कारण सांगितले नाही. हत्यार जप्त केल्याचे पंच फितूर झाले. डॉक्टरांना ते हत्यार दाखवून, जखम यानेच होऊ शकते का, हे विचारलेच नाही. आरोपीच्या अंगावरही जखमा होत्या आणि त्या कशा झाल्या हे फिर्यादीच्या साक्षीदारांनी लपवले. साक्षीदाराने कोर्टात सांगितलेली महत्त्वाची गोष्ट पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबात नव्हती. वकील याला ओमिशन म्हणतात. किरकोळ फरक चालतो, पण 'आरोपीने कोयता मारला' हेच वाक्य आधीच्या जबाबात नसेल तर साक्ष ढासळते.

फितूर साक्षीदाराची साक्ष पूर्ण रद्दी होत नाही. तिचा जो भाग इतर पुराव्याशी जुळतो तो कोर्ट वापरू शकते. निकालात फितूर म्हणून साक्ष एका ओळीत बाजूला सारली असेल तर तिथे ठळक खूण करा. तसेच आरोपीच्या जबाबाचा परिच्छेद वाचा. पुराव्यातली प्रत्येक दोषकारक बाब आरोपीपुढे प्रश्नरूपाने ठेवून त्याचे म्हणणे घ्यावे लागते. जी बाब विचारलीच नाही तिच्यावर शिक्षा आधारलेली असेल तर बचावाला तो भक्कम मुद्दा मिळतो.

कलमांबाबत गोंधळ होऊ देऊ नका. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याचा निकाल आजही भारतीय दंड संहितेच्या कलमांनी येतो. त्या दिवशी किंवा नंतर घडलेल्याचा भारतीय न्याय संहितेच्या. साधी दुखापत म्हणून पूर्वी ३२३ वाचलेत तर नव्या संहितेत ते ११५(२) आहे.

आणि घड्याळ. वाचताना ते चालूच असते. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत. अपील थेट उच्च न्यायालयात जात असेल तर ९० दिवसांत. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेवर सत्र न्यायालयात ३० दिवस, सत्र न्यायालयाने चालवलेल्या खटल्यातल्या शिक्षेवर उच्च न्यायालयात ६० दिवस. फाशीची शिक्षा असेल तर ३० दिवसच. दिवस निकालाच्या तारखेपासून मोजतात. हुकूमनामा (निकालावरून काढलेला औपचारिक आदेश, डिक्री) नंतर तयार झाला तरी त्यावर तारीख निकालाचीच असते.

नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, पण कोणते, हे नीट समजून घ्या. नकलेच्या मागच्या शिक्क्यात अर्जाची तारीख, तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख असते. वजा होतात ते अर्जापासून तयार होईपर्यंतचे. समजा निकाल १ मार्चला, अर्ज ६ मार्चला, नक्कल २० मार्चला तयार आणि तुम्ही ती घेतली २ एप्रिलला. वजा मिळतील १५ दिवस. ३० दिवसांची मुदत १५ एप्रिलला संपेल. २० मार्चनंतरचा उशीर तुमच्या खात्यावर. म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी द्यावा, निकालपत्र आणि हुकूमनामा दोन्हींसाठी. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत लगेच आणि फुकट मिळायला हवी. ती मागून घ्या. शिक्षा ३ वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी जामिनावर असेल तर अपील करायचे आहे असे सांगून त्याच कोर्टात, त्याच दिवशी, शिक्षा स्थगित ठेवण्याचा अर्ज देता येतो. तो तयार ठेवूनच निकालाला जावे.

नुसते अपील दाखल केल्याने दिवाणी हुकूमनामा थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते. दावा जिंकलेल्याने याच कारणासाठी अपिलाच्या कोर्टात कॅव्हेट टाकावे, म्हणजे त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय स्थगिती दिली जाऊ नये. कॅव्हेटची मुदत ९० दिवस. आणि जिंकलेल्यानेही आदेशातला गट क्रमांक, क्षेत्र, नावे अक्षरशः बोट ठेवून तपासावीत. टंकलेखनाची चूक असेल तर त्याच कोर्टाकडून दुरुस्त करून घेता येते, त्याला अपील लागत नाही. ती तशीच राहिली तर दरखास्तीच्या, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या, वेळी बेलीफ (कोर्टाचा कर्मचारी) चुकीच्या गटात जाऊन उभा राहतो आणि ताबा न देताच परततो.