लेदर बॉल, हेल्मेट आणि डोक्याला मार

हेल्मेटने कवटी वाचते. आत मेंदूला बसणारा हिसका मात्र पूर्ण थांबत नाही. म्हणजे हेल्मेट असूनही कन्कशन (हिसक्याने मेंदूचं काम तात्पुरतं बिघडणं) होऊ शकतं. तरी लेदर बॉलसमोर ते हवंच, आणि नीट बसलेलं हवं.

घेताना 'बीएस ७९२८:२०१३' हा क्रिकेट हेल्मेटच्या ब्रिटिश मानकाचा शिक्का पाहा. पट्टा लावून मान जोरात हलवा. सरकलं तर एक नंबर लहान घ्या. चेंडूचा व्यास साधारण ७.२ सेंमी. ग्रिल (चेहऱ्यासमोरची जाळी) आणि हेल्मेटची पुढची कड यांच्यातल्या फटीतून तो दाबूनही जाता कामा नये. नीट दिसत नाही म्हणून ग्रिल वाकवणारे जळगाव-धुळ्याच्या नेट प्रॅक्टिसला हमखास भेटतात. नाक तिथेच फुटतं. लहान पोरांचा चेंडू छोटा, त्यांची ग्रिल वेगळी तपासा.

मे महिन्यात किट पत्र्याच्या खोलीत किंवा डिकीत ठेवू नका, फोम-गोंद खराब होतो. जोराचा फटका बसलेलं हेल्मेट बाद, तडा दिसो न दिसो.

डोक्याला लागल्यावर चक्कर, धूसर दिसणं, कितवी ओव्हर ते न सांगता येणं, यातलं एकही दिसलं की बाहेर. "काही नाही झालं रे भो" ऐकायचं नाही. त्या दिवशी खेळ बंद. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा फिट आली तर थेट हॉस्पिटल. एरवी २४ ते ४८ तास आराम, मग चालणं, धावणं, नेट. प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस, आणि मॅचआधी डॉक्टरांची परवानगी.