ट्रिप झाली की रिसेट? मेंटेनन्समधल्या या चुका टाळा

मोटर ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, की ओव्हरलोड रिलेचं (करंट जास्त झाला की मोटर बंद पाडणारं उपकरण) बटण दाबायचं. परत ट्रिप झाली की स्क्रूड्रायव्हरने सेटिंग थोडं वाढवायचं. मेंटेनन्सला नव्याने लागलेली बहुतेक मुलं हेच करतात, आणि ते बघून माझा जीव तुटतो. कारण मीही हेच केलं होतं.

नोकरीचं दुसरं वर्ष, रात्रपाळी. पंप सारखा ट्रिप होत होता. नेमप्लेटवर १४ अँपिअर, मी सेटिंग १७ वर नेलं. पंप चालला, प्रॉडक्शनवाले खूश. पहाटे जळका वास आला. डेल्टा जोडणीची (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली) मोटर उघडली, तर एका फेजचं वाइंडिंग कोळसा झालेलं, बाकी दोन जवळपास नव्यासारखी. काँटॅक्टरचा (मोटरचा सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच) एक स्क्रू सैल होता. तापला की ती फेज सुटायची, आणि बराचसा भार उरलेल्या दोन फेजच्या मधल्या एकाच वाइंडिंगवर यायचा. रिले बिचारा तेच ओरडून सांगत होता, मी त्याचं तोंड बंद केलं.

तेव्हापासून ट्रिप झाली की आधी क्लॅम्प मीटर, वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा. तिन्ही फेजचा करंट बघतो. एक फेज वेगळी दिसली की सप्लाय बंद करून टर्मिनल तपासतो. तिन्ही सारखे जास्त असतील, तर दोष बहुधा मशीनच्या बाजूला: जाम बेअरिंग, अडकलेला इंपेलर (पंपातलं फिरणारं चाक).

‘स्विच बंद केलाय’ हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून हात घालू नका. आयसोलेटरला (सप्लाय पूर्ण तोडणारा मुख्य स्विच) स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. मीटर आधी चालू पॉइंटवर लावून बघा, मग बंद सर्किटवर, मग परत चालू पॉइंटवर. मधेच मीटर बिघडला तर तो चालू सर्किटवरही शून्य दाखवू शकतो. ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) असेल तर सप्लाय तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. त्याच्या स्टिकरवर लिहिलेली मिनिटं थांबा. लाइनमधली हवा आणि हायड्रॉलिकचं प्रेशरही सोडा. ‘पाच मिनिटांचं तर काम आहे’ म्हणणाऱ्याला मी पॅनलजवळ उभं करत नाही.

ग्रीस ठासून भरू नका, बेअरिंग उलट जास्त तापतं.

शाफ्टवर बेअरिंग बसवताना बाहेरच्या रिंगवर ठोकू नका. गरम करायचं तर इंडक्शन हीटर, ११० अंशांच्या आत. गॅसची ज्योत कधीच नाही.

ऑपरेटरला आधी विचारा. तो ते मशीन पूर्ण पाळीभर ऐकत असतो.

आणि लॉगबुक. तारीख, लक्षण, मोजलेला करंट, सापडलेलं कारण. नुसतं ‘दुरुस्त केले’ लिहिलेली नोंद मी सही न करता परत पाठवतो.