बालविकासाचा एम.एस्सी. प्रबंध: घरी जाऊन माहिती गोळा करताना या चुका टाळा

माझ्याकडे प्रबंध करणारी एक विद्यार्थिनी पालकत्वावरची प्रश्नावली भरून आली. एका आईला 'माया' या भागात फार कमी गुण पडले होते. 'तुम्ही मुलाचं कौतुक करता का?' या प्रश्नाला तिने 'कधीच नाही' म्हटलं होतं. पुढच्या भेटीला मीही सोबत गेले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. "तोंडावर कशाला कौतुक करायचं? दृष्ट लागते," ती म्हणाली. बोलता बोलता तिने लेकाच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात उतरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. प्रश्नावलीत या बोटं मोडण्याला रकानाच नव्हता.

मानव विकास आणि कौटुंबिक अभ्यास या विषयात सर्वात जास्त नुकसान याच चुकीने होतं. परक्या समाजात तयार झालेलं मोजमाप आपण शब्दशः मराठीत आणतो आणि आकडे आले की ते खरे मानतो. पालकत्वाच्या शैलींचंच घ्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी 1960च्या दशकात कॅलिफोर्नियात, प्रामुख्याने गोऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांतल्या मुलांचा अभ्यास करून तीन शैली मांडल्या. काम मोलाचंच आहे. पण जिथे आई शेतावर जाते, मूल आजीजवळ वाढतं आणि शिस्त काका लावतो, तिथे एकट्या आईचे गुण काढून त्या घराची 'शैली' ठरवता येत नाही. म्हणून पहिल्या भेटीत एवढंच विचारा: मुलाला जेवू कोण घालतं, झोपवतं कोण, ते रडलं तर कोणाकडे धावतं? प्रश्नावली कोणाकडून भरून घ्यायची ते त्यानंतर ठरवा. आजी मध्येच उत्तर देऊ लागली तर तिला गप्प करू नका; तिचं उत्तर वेगळं लिहून घ्या.

भाषांतर एकाने करावं, आणि मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट इंग्रजीत आणावं. जिथे अर्थ घसरतो तिथेच प्रश्न बदलायचा असतो. मग पाच-सहा आयांवर तो आजमावून बघा. सगळ्या जणी एकाच प्रश्नाला लगेच 'हो' म्हणत असतील, तर बहुतेक वेळा तो प्रश्न त्यांना कळलेला नसतो, किंवा 'नाही' म्हणायची सोय त्यात नसते.

दुसरी चूक निरीक्षणाच्या वहीत दिसते. 'मूल हट्टी आहे', 'एकलकोंडं आहे' ही निरीक्षणं नव्हेत, निकाल आहेत. 'रोहनने (नाव बदललेलं) ठोकळा मागितला, ताईंनी दिला नाही, तो दाराशी जाऊन पाठमोरा बसला, चार मिनिटांनी स्वतःहून परत आला' असं लिहा. त्या परत येण्यातच स्वतःला सावरण्याची क्षमता दिसते. 'हट्टी' लिहिलं की ती कायमची हरवते.

वय काढण्यात तर हमखास घोळ होतो. विकासाच्या चाचण्यांत, उदाहरणार्थ बडोद्यात प्रमिला फाटक यांच्या कामातून तयार झालेल्या आणि जन्मापासून 30 महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी असलेल्या डीएएसआयआयमध्ये, वय नेमकं धरावं लागतं. 'वर्षाचा असेल' यावर भागत नाही. माता-बाल संरक्षण कार्डावरची तारीख पाहा आणि बाळ दिवस भरायच्या आधी झालं होतं का, हे आवर्जून विचारा. आठ आठवडे आधी जन्मलेलं दहा महिन्यांचं बाळ साधारण आठ महिन्यांचं धरून तपासायचं असतं. दोन वर्षांपर्यंत ही दुरुस्ती साधारणपणे करतात. ती राहिली, तर चांगल्या बाळावर 'मागे पडलेलं' असा शिक्का बसतो आणि घरात धसका घेतला जातो.

अंगणवाडीत काम असेल तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची लेखी परवानगी आधीच घ्या. विषय ऊसतोड कुटुंबांचा असेल तर गावात जानेवारीत कोणी भेटणार नाही. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि मुलंही सोबत जातात.

संमतीपत्रावर आईचा अंगठा घेतला म्हणजे काम झालं, असं समजू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साधारण सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. बारापर्यंत तो तोंडी चालतो, त्यापुढे लेखी हवा. आणि मुलाला 'हे कोणालाच सांगणार नाही' असं वचन कधीही देऊ नका. त्याने लैंगिक अत्याचाराचं काही सांगितलं, तर 2012च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे.

एक गोष्ट प्रवेश घेण्याआधीच नीट समजून घ्या. या पदवीवर चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला वेगळा अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. नेट या प्राध्यापक-पात्रता परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी आपला विषय 'गृहविज्ञान' या नावाखाली शोधावा.

आणि सगळी माहिती गोळा झाल्यावर चूक सापडली तर? मोकळे रकाने घरी बसून अंदाजाने भरायचा मोह होतो, कारण तारीख जवळ आलेली असते. तसं करू नका. जिथे पुन्हा जाता येईल त्या घरी जा. बाकीच्या ठिकाणी 'उत्तर मिळालं नाही' असंच लिहा, आणि मार्गदर्शकांना त्याच आठवड्यात सांगा.