पुण्याच्या उजळ आकाशातून पुष्य तारकागुच्छाचे छायाचित्र घेताना या चुका टाळा

कर्क राशीतला पुष्य तारकागुच्छ, म्हणजे एम ४४, काळोख्या गावी नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखा दिसतो; कोथरूडमधल्या माझ्या गच्चीवरून मात्र तो दुर्बिणीशिवाय सापडत नाही. तरीही शहरातून टिपण्यासाठी तारकागुच्छांइतके अनुकूल लक्ष्य दुसरे नाही, कारण तेजोमेघाचा प्रकाश पसरलेला असल्याने उजळलेल्या पार्श्वभूमीत विरून जातो, तर ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत एकवटलेला असल्याने तिच्यावर उठून दिसतो.

पहिली चूक वेळेची असते. तारकागुच्छ पूर्वेला उगवताच कॅमेरा लावला, तर त्याचा प्रकाश शहराच्या धूळ-धुराच्या सर्वांत जाड थरातून आपल्यापर्यंत येतो. क्षितिजापासून तीस अंशांवरही डोक्यावरच्या तुलनेत दुप्पट हवा आडवी येते. पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश आणि पुष्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे उत्तरेकडचे अंतर, जणू आकाशातला अक्षांश) सुमारे १९.७ अंश असल्यामुळे हा गुच्छ आपल्याकडे जवळजवळ थेट डोक्यावरून जातो, आणि हे पुणेकरांचे मोठे भाग्य आहे. मार्चच्या मध्यात तो रात्री पावणेदहाच्या सुमारास तिथे पोहोचतो. तो क्रांतिवृत्ताजवळ, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाजवळ, असल्याने चंद्र दर महिन्याला त्याच्या जवळून जातो, म्हणून तारीख ठरवताना पंचांग अवश्य पाहावे.

दुसरी चूक सर्वांत महागात पडते. आकाश खराब आहे, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे एका छायाचित्रासाठी (फ्रेमसाठी) प्रकाश घेण्याचा वेळ, वाढवावे असे वाटते. मीही सुरुवातीला ट्रॅकरवर (ताऱ्यांच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्रावर) दोन-दोन मिनिटांच्या फ्रेम घेतल्या आणि हाती आले ते पिवळसर आकाश व एकजात पांढरे तारे. एक्स्पोजर वाढवले की ताऱ्यांबरोबर आकाशही तेवढेच उजळते, तेजस्वी तारे संपृक्त होऊन (सेन्सरच्या मर्यादेपलीकडे उजळून) त्यांचा रंग कायमचा जातो, आणि तो नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत आणता येत नाही. त्यामुळे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात चाचणी फ्रेम घेऊन हिस्टोग्राममधला (चित्रातल्या उजेडाच्या आलेखातला) आकाशाचा उंचवटा डावीकडून पाव ते एक तृतीयांश अंतरावर येईल एवढेच एक्स्पोजर ठेवावे आणि फ्रेमची संख्या वाढवावी. तीस सेकंदांच्या १२० फ्रेम म्हणजे एक तास; त्या सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र केल्या की गोंगाट (चित्रातला दाणेदारपणा) फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे चौपट फ्रेम घेतल्यास तो निम्म्यावर येतो. विरळ ढग सरकत असतील तर ताऱ्यांभोवती वलय आलेल्या फ्रेम निर्दयपणे बाजूला काढाव्यात. ट्रॅकर नसेल तर १३५ मिमी लेन्सवर एक सेकंदाच्या आसपास थांबावे, नाहीतर तारे रेघोट्यांसारखे ओढले जातात.

ट्रॅकरचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, पण ध्रुवतारा पुण्यातून क्षितिजावर जेमतेम साडेअठरा अंश असतो आणि बहुधा समोरच्या इमारतीआड किंवा धुरक्यात लपलेला असतो. त्यापायी निराश होऊन रात्र सोडून देण्याचे कारण नाही. होकायंत्राने उत्तर साधून आणि अक्ष अक्षांशाएवढा कलवून बसवलेला ट्रॅकर अशा छोट्या फ्रेमना बहुतेक वेळा पुरतो. तारे लांबट दिसले तर एक्स्पोजर आणखी कमी करावे.

प्रकाशप्रदूषण रोखणाऱ्या फिल्टरवर मी पैसे खर्च करणार नाही. ताऱ्यांचा प्रकाश सर्व तरंगलांबींवर पसरलेला असतो आणि रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांचाही तसाच, त्यामुळे एक अडवताना दुसराही अडतो.

फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या थेट दृश्यात) तेजस्वी तारा मोठा करून हातानेच साधावा आणि फोकसचे कडे चिकटपट्टीने बांधून टाकावे, कारण लेन्स सरळ वर रोखल्यावर ते स्वतःच्या वजनाने सरकू शकते. रात्र गार होत गेली की फोकस पुन्हा तपासावा.

शेवटची चूक संगणकावर घडते. शहरातल्या फ्रेममध्ये कडा काळवंडलेल्या आणि एक बाजू उजळ असते; लेन्सवर पांढरे कापड ताणून, फोकस न हलवता, त्याच रात्री घेतलेल्या फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजेडाच्या संदर्भ-फ्रेम) नसतील तर हे दोष प्रक्रियेत अधिकच ठळक होतात. मग ते लपवण्यासाठी आकाश पूर्ण काळे केले जाते आणि त्यात मंद तारेही बुडतात. पार्श्वभूमी गडद करडी ठेवून थांबावे आणि निळसर ताऱ्यांमध्ये विखुरलेले मोजके केशरी तारे शोधावेत. तेही पांढरेच दिसत असतील, तर पुढच्या रात्री एक्स्पोजर आणखी कमी करावे लागेल.