आई पांढरी, पिल्लं निळी

पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची बजीची मादी हौसेनं आणली आणि तिला आकाशी निळा नर दिला. (दुकानात लव्हबर्ड म्हणून खपवतात तो पक्षी हाच. खरा लव्हबर्ड वेगळा.) आई पांढरी, म्हणजे निम्मी पिल्लं तरी पांढरी, असा माझा हिशोब. मडक्यात ५ अंडी पडली, १८ दिवसांनी पहिलं पिल्लू, मग एक दिवसाआड बाकीची. पाचही निळी. विकणाऱ्यानं फसवलं, असं मी महिनाभर सगळ्यांना सांगत सुटलो होतो. चूक माझीच होती.

मी आधी ससे पाळायचो, तिथला नियम इथे लावला. लाल डोळ्यांच्या पांढऱ्या सशात रंग न बनवणारं जनुक आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं. दोघं रंगीत असूनही ते जनुक लपवून असतील, तर प्रत्येक पिल्लामागे चारात एक शक्यता. पक्ष्यांत लिंगाचं गणित शाळेत शिकलो त्याच्या उलटं असतं. नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. बजीचं ‘इनो’ जनुक, म्हणजे काळा रंग पुसणारं, झेडवर बसलेलं असतं. मुलीला झेड मिळतो तो बापाकडूनच. त्यामुळे आई कितीही पांढरी असली तरी मुलगी इनो होणार की नाही, हे बाप ठरवतो. मुलग्यांना आईचा झेड मिळतो, पण दुसरा बापाचा साधा असल्यानं ते निळे दिसतात आणि इनो लपवून ठेवतात. पाळणारे अशांना ‘स्प्लिट’ म्हणतात. मादी इनोची स्प्लिट कधीच नसते, कारण लपायला तिच्याकडे दुसरा झेडच नाही. ‘निळी मादी, स्प्लिट इनो’ म्हणून कोणी जादा पैसे मागितले, तर पैसे खिशातच ठेवा.

हे कळल्यावर अल्बिनो, म्हणजे पांढरा आणि लाल डोळ्यांचा, नर आणला आणि जवळची हिरवी मादी लावली. आता सगळ्या मुली पांढऱ्या निघणारच! निघाल्या पिवळ्याधमक, लाल डोळ्यांच्या. इथे माझी दुसरी शिकवणी झाली. इनो फक्त काळा रंग पुसतो. खालचा पिवळा तसाच राहिला तर पक्षी ल्युटिनो. तो पिवळा घालवतं निळं जनुक. ते लिंग न ठरवणाऱ्या साध्या गुणसूत्रावर असतं आणि दोन्ही पालकांकडून यावं लागतं. माझ्या हिरव्या मादीत निळा लपलेलाही नव्हता. म्हणजे अल्बिनो बजी एका गुणाचा नाहीच, निळा अधिक इनो असा जोडगुणाचा. म्हणून अल्बिनो नर आणि निळी मादी ही जोडी लावा: मुली सगळ्या अल्बिनो, मुलगे सगळे निळे स्प्लिट.

नर ओळखताना मात्र जपा. साध्या नराच्या चोचीवरचा नाकपुड्यांचा भाग निळा होतो, अल्बिनो नराचा मोठेपणीही गुलाबी-जांभळटच राहतो. मादी समजून माणसं नर घेऊन जातात आणि अंड्यांची वाट बघत बसतात.

स्प्लिट मुलगा परत आईलाच लावला तर निम्मी पिल्लं अल्बिनो, मोह होतोच. रेवाच्या महाराजांनी १९५१ मध्ये पकडलेल्या मोहन या पांढऱ्या वाघाचं असंच झालं. साध्या वाघिणीपासून त्याला एकही पांढरा बछडा झाला नाही, १९५८ मध्ये मुलीपासून झाले. (निळे डोळे, अंगावर पट्टे, म्हणजे तो अल्बिनो नव्हे.) पुढच्या पिढ्यांत जवळच्या नात्यातल्या पैदाशीचे दोष उतरले. मी पायात कडी घालून वहीत आईबाप लिहून ठेवतो आणि मादी बाहेरची आणतो.

एका स्प्लिट मुलग्याला अशीच परकी निळी मादी दिली. प्रत्येक पिल्लामागे शक्यता चारात एक. ४ पिल्लांत एकही पांढरं नाही, असं शंभरात साधारण ३२ वेळा होतं. पहिल्या वेळी तसंच झालं. दुसऱ्या वेळी तिसऱ्या पिल्लाच्या मिटल्या पापण्यांखाली काळ्याऐवजी लालसर ठिपका दिसला. पीस फुटलं नव्हतं, पण वहीत मी लिहून टाकलं: मादी.