हवामानबदल आणि स्टोइक विचार: या चुका टाळा

‘हवामान आपल्या हातात नाही, म्हणून सोडून द्या.’ स्टोइक विचाराच्या (आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे ओळखून वागायला शिकवणाऱ्या प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञानाच्या) नावावर खपणारा हा सल्ला मुळात स्टोइक नाहीच. तो मानणं ही पहिली चूक. स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसने आपली मतं, इच्छा आणि तिटकारा एवढंच आपल्या हातातलं मानलं. शरीर, मालमत्ता, लौकिक हाताबाहेर. म्हणजे त्याच्या हिशेबात तब्येतही हाताबाहेरची! तरी आरोग्य हे पसंत करण्याजोगं आणि जपण्याजोगंच, असं स्टोइक मानत.

इथे रोमन लेखक सिसेरोने नोंदवलेला तिरंदाजाचा दाखला उपयोगी पडतो. नेम धरणं त्याचं काम. बाण सुटल्यावर वारा आला तर तो त्याचा दोष नाही. म्हणून उद्दिष्ट नव्याने लिहा. ‘गच्चीवर सौर पॅनेल बसवून घेईन’ हे सोसायटीच्या सभासदांच्या मतावर लटकलेलं आहे. ‘सावली न पडणारी जागा मोजेन (एका किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट), तीन कोटेशनं आणेन, वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेसाठी लेखी अर्ज देईन’ हे तुमचं. ठराव पडला तरी पुढच्या सभेला अर्ज पुन्हा देता येतो. उद्दिष्टात दुसऱ्याचा होकार शिरला की वैताग ठरलेलाच.

दुसरी चूक रात्री होते. संकटाची आधी कल्पना करा, असं रोमन स्टोइक सेनेका सांगतो. लोक ती झोपताना, मोबाइलवर बातम्या चाळत करतात. दिवसा करा, 10 मिनिटं, एकच प्रसंग घेऊन: कडक ऊन आणि दोन दिवस वीज नाही. पाणी किती साठवायचं? शेजारी एकटं कोण राहतं? जलसंजीवनीचं प्रमाण पाठ आहे का? 1 लिटर स्वच्छ पाणी, चहाचे 6 सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो. उन्हाने माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात काही ओतू नका. अंग पाण्याने भिजवून वारा घाला आणि लगेच रुग्णालय गाठा. कल्पनेतून कामांची यादी निघाली नाही, तर ती नुसती काळजी.

पूरग्रस्ताला ‘मनावर घेऊ नका’ म्हणणं ही तिसरी चूक, आणि सर्वांत चीड आणणारी. स्टोइक शिस्त स्वतःसाठी असते, दुसऱ्याला मदतच करायची. स्टोइक मार्कस ऑरेलियस रोमचा सम्राट झाल्यावर लवकरच तिथल्या टायबर नदीला पूर आला, पाठोपाठ अन्नाचा दुष्काळ. त्याने मदतीत जातीने लक्ष घातलं.

आणि बातमी वाचून पोटात गोळा आला, तर स्वतःला कच्चे समजू नका. दचकणं, फिकं पडणं अशा पहिल्या प्रतिक्रिया सेनेकाही ताब्याबाहेरच्याच मानतो. मात्र झोप आणि भूक दोन आठवडे बिघडलेली राहिली, तर डॉक्टरांना दाखवा.